पात्र कोणी ठरवायचे?

सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या आठवड्यात, ऐन घटस्थापनेच्या सुमारास, सीना नदीने आपले पात्र सोडले. परंडा तालुका हा मुळात अवर्षणाशी झुंजणारा मुलूख. टँकरची वाट पाहण्यात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्या सीनाकाठच्या माणसांवर घराच्या छपरावर बसून हेलिकॉप्टरची वाट पाहण्याची वेळ आली. सीना-कोळेगाव प्रकल्पातून सुटलेले पाणी आणि वरून कोसळणारा पाऊस यांत उभी पिके गेली, दावणीची जनावरे वाहून गेली, विहिरी गाळाने भरल्या आणि कित्येक शेतांतील माती खडकापर्यंत खरवडून निघाली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माती पुन्हा तयार होण्यास किती काळ लागतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत महाराष्ट्राने जे केले, ते या राज्याच्या लौकिकास साजेसेच होते. गावोगावची मंडळे, विद्यार्थी, व्यापारी संघटना, देवस्थाने, स्वयंसेवी संस्था यांच्या गाड्या मराठवाड्याकडे धावू लागल्या. शिधा, चादरी, भांडी, वह्या-पुस्तके, जनावरांचा चारा असे जे ज्याला सुचले, ते त्याने पाठविले. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी या कामात हात घातला असेल, अनेकांनी घरातील मुलांच्या हातून निधीपेटीत पैसे टाकविले असतील. या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आणि म्हणूनच, पुराचे पाणी ओसरल्यानंतर, तो ओघ सरल्यानंतर, एक प्रश्न शांतपणे विचारला पाहिजे. कोणत्या गावाला काय द्यायचे, कोणत्या घराला आधी द्यायचे आणि कशासाठी द्यायचे, हे कोणी ठरविले?

ज्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. बहुतेक वेळा ते रस्त्याने ठरविले. जे गाव डांबरी रस्त्यावर, तेथे पाच गाड्या थांबल्या. जे ओढ्यापलीकडे, तेथे एकही पोहोचली नाही. काही ठिकाणी ते ओळखीने ठरविले. काही ठिकाणी ते छायाचित्रकाराच्या सोयीने ठरविले. धाराशिव जिल्ह्यात मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांची छबी छापण्यावरून जो वाद झाला, तो वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला आहे. त्याची उजळणी येथे करावयाची नाही. पिशवीवर कोणाचे छायाचित्र आहे यावर चर्चा पुष्कळ झाली, पिशवीत काय असावे हे कोणाला विचारले होते का, यावर मात्र फारशी झाली नाही. ज्याची चूलच वाहून गेली त्याच्या हाती कोरडे पीठ आणि ज्याच्या घरी पाच गोधड्या शिल्लक आहेत त्याच्या अंगावर सहावी चादर, अशी गत प्रत्येक आपत्तीत होते. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, पण तो शेकडो मैलांवरून अंदाज बांधत असतो.

आपल्या परंपरेने दानाचा विचार फार बारकाईने केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विवेक सांगितला आहे. यांतील ‘पात्र’ या शब्दाभोवती पुढे मोठे शास्त्र उभे राहिले. दान कोणास द्यावे, कोणास देऊ नये, याची चर्चा धर्मग्रंथांत विपुल आहे. परंतु पात्रता ठरविण्याचा अधिकार त्या चर्चेत बहुधा दात्याकडेच राहिला. घेणाऱ्याने आपली गरज स्वतः सांगावी, शेजाऱ्याची गरज आपल्याहून मोठी असेल तर तेही त्यानेच सांगावे, अशी कल्पना तेथे क्वचितच डोकावते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत मात्र गुरू निरोप देताना शिष्याला जो उपदेश करतो, त्यात श्रद्धेने आणि विनयाने देण्याबरोबरच ‘संविद्’ राखून देण्याचेही सांगितले आहे. या शब्दाचा अर्थ कोणी जाणीव असा करतात, भाष्यकारांनी मैत्रीचा भावही सांगितला आहे. दोन पक्षांत परस्पर जाणतेपण असावे, समजुतीने द्यावे, असा त्याचा आशय घेतला तर तो आजच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा भागात जवळपास आठ हजार माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. देशातून आणि परदेशातून मदतीचा अभूतपूर्व लोंढा आला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम आखला गेला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले आणि त्यांपैकी अनेक गावे निरनिराळ्या संस्थांनी, उद्योगसमूहांनी दत्तक घेतली. ‘दत्तक’ हा शब्दच पाहा. दत्तक घेतलेल्या मुलाला कोणी विचारत नाही की तुला हे घर आवडते का.

नव्या गावांत घरांचे आकार जमिनीच्या धारणेवरून ठरले. भूमिहीनास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४५०, मोठ्या बागायतदारास ७५०. म्हणजे जुन्या गावातील विषमता नव्या नकाशावर फुटपट्टीने आखून मिळाली. सरळ रेषेत रस्ते, दोन्ही बाजूंस एकसारखी सिमेंटची घरे, मधोमध चौक. आराखडा करणाऱ्यांनी शहरातील वसाहत डोळ्यांसमोर ठेवली होती. शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, कडब्याची गंज लागते, औजारे ठेवायला पडवी लागते, बायकांना दुपारी बसून धान्य निवडायला ओसरी लागते, आणि एका आडनावाची चार घरे जवळजवळ असली की म्हातारी माणसे एकाकी पडत नाहीत, हे त्या कागदावर नव्हते. पुढे त्या घरांभोवती लोकांनी स्वतःच्या पैशाने पत्र्याची शेडे उभारली, भिंती पाडून दारे फिरविली, कोणी शेतात राहायला गेले. कोट्यवधी रुपये खर्चून जे दिले गेले, ते राहण्याजोगे करण्यासाठी घेणाऱ्याला पुन्हा पदरमोड करावी लागली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. जुनी जागा सोडावी आणि सिमेंटचेच घर हवे, ही मागणी त्या काळात गावकऱ्यांकडूनही आली होती. माळवदाच्या ओझ्याखाली ज्याचे मूल गेले, त्याला दगड डोळ्यांसमोर नको असतो. तेव्हा ‘लोकांना विचारा’ एवढेच म्हणून भागत नाही. केव्हा विचारले, कसे विचारले आणि विचार करायला वेळ दिला की नाही, यावर उत्तर अवलंबून असते. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. जी घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, त्यांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे काम ठेकेदाराला न देता घरमालकाकडे सोपविण्यात आले. अशी घरे लाखाहून अधिक होती. पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती, गवंडी कोण हे तो ठरविणार, कोणती भिंत आधी हेही तोच ठरविणार. बाराशेहून अधिक गावांत गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांच्या प्रशिक्षणाची बाजू सांभाळली. ज्या स्त्रिया त्याआधी चावडीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या अभियंत्याशी लोखंडी सळईच्या जाडीवरून वाद घालू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बाया तेथे गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या. दत्तक गेलेल्या गावांतून असे शिकविणारे किती निघाले? एकाच भूकंपात, एकाच निधीतून, दोन रीती शेजारी शेजारी चालल्या. अशी तुलना सहसा पाहायला मिळत नाही.

परंड्याच्या शेजारी जामखेड आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे रुग्णसेवेचा संकल्प घेऊन आले. त्यांच्या डोक्यात लसीकरण होते, बाळंतपणे होती. गावकऱ्यांच्या डोक्यात पाणी आणि भाकरी होती, कारण पुढची वर्षे भीषण दुष्काळाची होती. आरोळ्यांनी आपला आराखडा बाजूला ठेवला आणि आधी पाण्याला हात घातला. गावोगावी ज्या आरोग्यसेविका तयार झाल्या, त्या गावाने निवडल्या. बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतील होत्या. १९७९ मध्ये या कामास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोळे दांपत्याची श्रद्धा कोणती होती याचा विचार ज्याला करावासा वाटतो त्याने करावा. आम्हांला त्यांची रीत महत्त्वाची वाटते, आणि ती कोणाकडूनही शिकण्यासारखी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, असे लोक म्हणाले. मग गोंडी वस्तीसारख्या झोपड्यांचे रुग्णालय झाले, त्याला लोकांनी सांगितले म्हणून माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले, आणि यंदा कोणत्या आजारावर काम करायचे याची चर्चा लोकांच्या आरोग्य संसदेत होऊ लागली. देणाऱ्याचा मोठेपणा यात कुठे कमी झाला?

आपल्याकडे हे नवीन आहे, असे मानण्याचे कारण नाही. परंडा तालुक्यातच सोनारीला काळभैरवनाथाचे स्थान आहे. अशा कोणत्याही ग्रामदैवताच्या जत्रेचा व्यवहार पाहावा. घरटी वर्गणी ठरते, ती ठरविताना गरिबाला सूट मिळते, कुस्तीच्या इनामाला किती आणि पालखीला किती यावर तासन् तास वाद होतो, आणि जत्रा सरली की चावडीवर पै-पैचा हिशेब वाचला जातो. लेखापरीक्षक नसतो, पण पंचाने दोन रुपये जास्त लावले तर पारावरचा म्हातारा सर्वांदेखत विचारतो. लोकवर्गणी या शब्दातच देणारा आणि ठरविणारा एक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू केलेला आणि लोकमान्यांनी पाठीशी घातलेला पैसा फंड याच वृत्तीतून वाढला. एकेका पैशातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे मूठमूठ धान्यावर चालली.

सीनाकाठीच, परंडा तालुक्यातील डोमगावला, समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत या मठाने जपली आणि धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती अभ्यासकांसमोर आणली. समर्थांनी भिक्षेकडे पोट भरण्याचे साधन म्हणून पाहिले नाही. दारोदार फिरल्याने लोक कळतात, लहानथोर पारखता येतात, म्हणून ती सांगितली. घेण्यासाठी फिरताना जे साधते, ते देण्यासाठी फिरताना का साधू नये? एखाद्या गावाला पाच लाख रुपये देण्यापूर्वी त्या गावात पाच दिवस फिरणारा दाता आज किती ठिकाणी दिसतो? त्याच सीनेच्या वरच्या अंगाला, चौंडीला, अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. दौलतीच्या पैशाला हात न लावता खासगीतून त्यांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. दाता आणि लोक यांच्यातले अंतर तेव्हा आजच्याइतके रुंद नव्हते.

हे अंतर वाढले ते दान संस्थात्मक झाल्यापासून. त्यात वाईट काही नाही. हिशेब नीट राहतात, सातत्य राहते. पण निर्णय समितीच्या खोलीत गेला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो खर्च कशावर, हे कंपनीच्या संचालकांची समिती सुचवते आणि संचालक मंडळ मान्य करते. कायदा स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावयास सांगतो, पण त्या परिसरातील माणसांना विचारावे असे सांगत नाही. परंड्यासारख्या तालुक्याचा ‘स्थानिक परिसर’ कोणत्या कंपनीच्या नकाशात येणार, हा आणखी वेगळा प्रश्न. २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला, तेव्हापासून बाहेरच्या निधीचे लक्ष इकडे थोडे वळले. पण आकांक्षा कोणाची, हे विचारण्याची व्यवस्था त्यातही क्षीणच राहिली.

सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत कायदा थोडा उदार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ अशी संज्ञा आहे. मंदिरात दर्शनाचा अधिकार असलेला भाविक, मठाचा शिष्य, ग्रंथालयाचा सभासद, कोणत्याही न्यासाचा लाभार्थी, हे सारे तीत येतात. न्यासाचा कारभार बिघडला तर अशा व्यक्ती एकत्र येऊन धर्मादाय आयुक्तांपुढे दाद मागू शकतात. याचा अर्थ, लाभार्थी हा तक्रारदार म्हणून कायद्याला मान्य आहे, निर्णयातील भागीदार म्हणून नाही. भांडण झाल्यावर दार उघडते, त्याआधी नाही. ‘लाभार्थी’ हा शब्दही अलीकडे इतका रुळला आहे की तो किती अपमानकारक आहे याचे भान राहिलेले नाही. शेतकरी, विधवा, विद्यार्थी, अपंग ही माणसे आहेत. लाभार्थी ही यादीतील ओळ आहे.

आता या विचारावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. गावाला ठरवू द्या म्हणता, पण गाव म्हणजे कोण? ज्यांनी ग्रामसभा पाहिल्या आहेत ते हसतील. सभा होते ती कागदावर, रजिस्टर घरोघर फिरते, अंगठे घेतले जातात. प्रत्यक्ष भरली तर दहा-वीस पुरुष, त्यांत बोलणारे तिघे, त्यांतील दोघे एकाच भावकीचे. त्यांना निधी कशावर खर्च करायचा असे विचारले तर प्रवेशद्वाराची कमान किंवा सभामंडप असे उत्तर येण्याचा संभव बराच. सभामंडपाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण वस्तीतल्या बाईला हंडाभर पाण्यासाठी अर्धा मैल चालावे लागत असताना गाव एकमुखाने कमान मागते, तेव्हा ते एकमुख कोणाचे आहे हे तपासले पाहिजे. पुण्या-मुंबईचा दाता निदान भावकीत अडकलेला नसतो, हा युक्तिवाद पोकळ नाही. हिंदू समाज एक आहे असे व्यासपीठावरून सांगणे सोपे. त्या एका समाजात पाणवठा आणि स्मशान आजही कोठे कोठे वेगळे आहे, हे निधीच्या वाटपात उघडे पडते.

तरीही उत्तर दात्याकडे परत जाण्यात नाही. ते विचारण्याची रीत सुधारण्यात आहे, आणि त्याची उदाहरणे याच राज्यात आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने बहुमताऐवजी सर्वसहमतीची रीत रुजली. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, त्याची समजूत पटेपर्यंत पुन्हा बसावे लागते. वेळ जातो, पण दुबळ्या माणसाच्या हाती नकार राहतो. सभेपूर्वी अभ्यासगट बसतो, म्हणजे माहिती नसलेला माणूस केवळ हात वर करायला येत नाही. बाहेरच्या संस्थेला गावात काम करायचे तर ग्रामसभेची संमती घ्यावी लागते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव कोणाच्या दयेवर पुढे आलेले नाही.

सर्वत्र मेंढा होणार नाही, हे उघड आहे. पण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहेच. दारूच्या दुकानाचा प्रश्न आला की उभी बाटली की आडवी बाटली यावर स्त्रिया गुप्त मतदान करतात आणि सरपंचाच्या भावाचे दुकान असले तरी ते बंद होते. जी स्त्री भरसभेत बोलणार नाही, ती पेटीत चिठ्ठी टाकू शकते. मग पन्नास हजार रुपयांच्या निधीतून विहीर उपसायची, शाळेचे छप्पर घालायचे की बी-बियाणे घ्यायचे, यावर चित्रांच्या चिठ्ठ्या करून असे मतदान घेण्यास कोणाची हरकत आहे? ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ पासून नागरिकांना नगरपालिकेच्या खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवू दिला. त्याचा बोलबाला जगभर झाला. पुणे महापालिकेनेही २००६ मध्ये तशी सुरुवात केली. करदात्याला विचारण्याची ही रीत. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला विचारण्याची रीत त्याहून अवघड नाही.

काही दाते म्हणतील, आमच्याजवळ वेळ नाही, संकट तातडीचे असते. पहिल्या चार दिवसांत हे खरे आहे. बुडणाऱ्याला दोर फेकताना त्याचे मत घ्यायचे नसते. पण पाचव्या दिवसानंतर घाई ही पुष्कळदा दात्याची असते. आर्थिक वर्ष संपत असते, अहवाल द्यायचा असतो, उद्घाटनाची तारीख मिळालेली असते. गावाच्या दुखण्याला तशी तारीख नसते.

परंड्याच्या पुरात हेच झाले. शिध्याची गरज काही आठवड्यांची होती. मातीची आणि विहिरींची गरज काही वर्षांची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, बुजलेल्या विहिरीसाठी ३० हजार रुपये अशा तरतुदी होत्या. सरकारी मदतीला निकष लागतात, सात-बारा लागतो, पंचनामा लागतो. जो दुसऱ्याची जमीन तोंडी ठरावावर वाट्याने कसतो, त्याचे नाव सात-बारावर नसते. ज्या मजूर स्त्रीची खुरपणीची मजुरी दोन महिने बुडाली, तिच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही. समाजाच्या निधीला असे कोणतेही बंधन नसते आणि हीच त्याची खरी ताकद आहे. पण वाटेकरी कोण आणि मजूर कोण हे फक्त गावाला माहीत असते. मुंबईत बसलेल्या विश्वस्ताला ते कळण्याचा मार्ग एकच, गावात जाऊन बसणे.

म्हणून परंडा, भूम किंवा सीनाकाठच्या कोणत्याही गावासाठी पुढील काळात निधी देऊ पाहणाऱ्या न्यासांनी, मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी एवढे करून पाहावे. रकमेचा आकडा आधी सांगावा, चावडीच्या फळ्यावर लिहावा. तो लपविला की गाव दात्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत बसते आणि त्याला आवडेल तेच मागते. सभा एकदा घेऊन निघून येऊ नये. आधी स्त्रियांची, मग वस्तीवरची, मग सर्वांची घ्यावी आणि प्रत्येक वेळी कोण आले नाही ते टिपून त्यांच्या दारी जावे. निर्णय करणाऱ्या पंचांत निम्म्या स्त्रिया, निदान एक भूमिहीन आणि वस्तीतला एक माणूस असावा. ज्याला रक्कम मिळणार आहे त्याने त्या दिवशी पंच म्हणून बसू नये. दात्याला नकाराधिकार असावा, पण तो त्याने कारण सांगून आणि लेखी वापरावा. काम झाल्यावर हिशेब जत्रेच्या हिशेबासारखा उभ्याने वाचावा. आणि एखाद्या गावाने चुकीची निवड केली तर ती त्याला करू द्यावी. पुढच्या वर्षी तेच गाव अधिक शहाणपणाने बसते, हे मेंढ्याने दाखविले आहे.

यातून भांडणे होतील. गाळाचे उदाहरण घ्या. सीना-कोळेगावच्या पोटात साचलेला गाळ काढून खरवडलेल्या शेतांत टाकायचा, तर गावाजवळ एक यंत्र आणि मोजके ट्रॅक्टर असतील आणि उन्हाळ्याचे मोजके दिवस असतील. पहिली खेप कोणाच्या शेतात? ज्याची जमीन सर्वांत जास्त गेली त्याच्या, ज्याच्याकडे सर्वांत कमी होती त्याच्या, की जो डिझेलचा खर्च उचलू शकतो त्याच्या? या प्रश्नावर एखादी संध्याकाळ नव्हे, तीन संध्याकाळी जातील, आवाज चढतील, कोणी उठून जाईल, कोणीतरी त्याला परत आणील. दात्याच्या प्रतिनिधीने त्या तिन्ही संध्याकाळी तेथे बसावे, वही उघडावी आणि विचारल्याशिवाय बोलू नये.